मदत हवी आहे: व्हीपीएसमागच्या कॅडीला पाहुण्यांचा खरा आयपी कसा दाखवू?

जुन्या पीसीवर डेबियन, डॉकरमध्ये जेलीफिन (व्हिडिओसाठी) आणि नेक्स्टक्लाउड (फायलींसाठी), पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरून आलेली विनंती योग्य सेवेकडे पाठवणारा) म्हणून कॅडी हा वेब सर्व्हर. राउटरचा वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला, बाहेरून थेट घरी येता येत नाही). पोर्ट फॉरवर्डिंगवर दोन संध्याकाळी घालवल्यावर हे लक्षात आलं! आयपीव्ही६ मिळत नाही.

म्हणून छोटा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेऊन वायरगार्ड या व्हीपीएनने घराशी जोडला. त्यावर एचएप्रॉक्सी टीसीपी मोडमध्ये (आतला मजकूर न उघडता) ४४३ पोर्टवरचं सगळं पुढे घरी ढकलतो. टीएलएस (एन्क्रिप्शन) घरीच उघडतं आणि ते तसंच हवंय. सर्टिफिकेट डीएनएस-०१ ने (डीएनएस नोंदीतून डोमेनची मालकी दाखवून) मिळतं, तिथे अडचण नाही.

बाहेरून सगळं उघडतं, पण कॅडीच्या लॉगमध्ये प्रत्येक जण १०.०.०.१, म्हणजे व्हीपीएसच. त्यामुळे फेल२बॅन (लॉग पाहून संशयास्पद आयपी ब्लॉक करणारं साधन) निरुपयोगी. एकदा त्याने व्हीपीएसलाच ब्लॉक केलं. एक्स-फॉरवर्डेड-फॉर (खरा आयपी सांगणारा एचटीटीपी हेडर) सुचवू नका, टीसीपी मोडमध्ये तो हेडर घालताच येत नाही. एचएप्रॉक्सीत सेंड-प्रॉक्सी-व्ही२ (जोडणीच्या सुरुवातीला खरा आयपी सांगणारा प्रॉक्सी प्रोटोकॉलचा हेडर) लावलं की टीएलएस हँडशेकच तुटतो. टेलस्केल हे व्हीपीएन ॲपही नको, घरच्यांच्या टीव्हीवर ते बसत नाही.

कॅडीफाइलमध्ये (कॅडीची सेटिंग फाइल) प्रॉक्सी प्रोटोकॉलचा लिसनर रॅपर (तो हेडर वाचणारा भाग) टीएलएसच्या आधी लिहायचा की नंतर? आणि घरातली उपकरणं थेट ४४३ वर येतात, प्रॉक्सी प्रोटोकॉलचा हेडर न पाठवता. तीही चालू राहावीत यासाठी काय लिहावं लागेल?