दार आपोआप बंद होत नाही? आधी ताण तपासा

एकाने विचारलंय, दार शेवटची चार बोटं उघडंच राहतं, काय करू? त्यावर तिन्ही स्प्रिंगच्या बिजागऱ्या (दार आपोआप ओढून लावणाऱ्या) बदलायच्या, असं ठरतंय. जरा थांबा. आधी दार चौकटीला घासतंय का, लॅच (चौकटीच्या खाचेत बसणारी कुलपाची जीभ) अडतोय का, ते बघा. तसं असेल तर नवी स्प्रिंगही हरेल.

नसेल, तर ताण वाढवून पाहा. दार बंद ठेवून बिजागरीच्या डोक्यावरच्या भोकात सळी घाला (काहींना अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली लागते), एक घर फिरवा आणि छोटी पिन पुढच्या भोकात बसवा. सगळ्या बिजागऱ्यांना सारखाच ताण द्या. जास्त पिळलंत तर दार धाडकन आपटेल, आणि मग घरातले तुम्हाला पिळतील.

बदलायचीच झाली तर स्क्रू काढण्याआधी ताण उतरवा. सळीने स्प्रिंगचा ताण तोलून धरा, पकडीने पिन ओढा, सळी हळूहळू सैल सोडा. हे मी एकदा विसरलो होतो. अंगठा अजून आठवण करून देतो. दाराखाली पाचर ठोका, एका वेळी एकच बिजागरी काढा. नवी घेताना उंची, जाडी आणि कोपरे गोल की चौकोनी हे जुनीशी ताडून बघा. तिन्हींना स्प्रिंग लागतेच असं नाही. हलक्या दाराला बहुधा दोन पुरतात.