राऊला घरामागे 20 बाय 10 चं स्वस्त टनेल: पाइप कुठले, प्लास्टिक कुठलं?

राऊवाली
नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या राऊला घरामागे आमची थोडी मोकळी जागा आहे, माती अस्सल काळी. तिथे 20 बाय 10 फुटांचं टनेल (कमानींवर प्लास्टिक ताणलेलं भाज्यांचं छप्पर) घालून टोमॅटो, काकडी, पालक, कोथिंबीर लावायची आहे. खर्च 15,000 च्या आसपास बसवायचाय. एका पॉलीहाऊसवाल्यानं असा आकडा सांगितला की ह्यांनी विषयच बंद केला. बांबू घेऊ, लोखंडी पाइप घेऊ, की वायरिंगचा पीव्हीसी पाइप चालेल? सासूबाई म्हणतात, मे महिन्याच्या आंधीत सगळं उडून शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाईल. त्यांना काय सांगू?

सिमरोलकर
ताई, सासूबाई बरोबर सांगतायत. आपल्या माळव्यात टनेलला थंडीपेक्षा ऊन आणि वारा जास्त छळतात. थंड देशांतले व्हिडिओ बघून चारी बाजूंनी बंद केलंत तर मार्चअखेर आतली रोपं उकडून निघतील. म्हणून पैसा पाया आणि कमानींवर घाला, आणि बाजू उघड्या ठेवा.

पाऊण इंची जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) 20 फुटी येतो. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सरळ सोडून मधला भाग गोल वाकवला की 10 फूट रुंदी आणि मधोमध जवळपास 7 फूट उंची मिळते, आत ताठ उभं राहता येतं. चार-चार फुटांवर धरल्या तर सहा कमानी लागतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून सहाही एकाच साच्यावर वाकवून घ्या.

आता पाया. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात नुसता ठोकलेला पाइप हळूहळू डुलायला लागतो. दोन फूट खोल खड्डा घ्या, तळाला मुरूम ठासा, एक इंची पाइपचा तुकडा उभा धरून काँक्रीट भरा आणि अर्धा फूट वर राहू द्या. पाऊण इंची कमान त्यात नेमकी सरकते. बोल्ट मारला की झालं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. उन्हाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो, त्याला अरुंद तोंड मिळतं. उंच वेली उत्तरेच्या वाफ्यात लावा, म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही.

प्लास्टिक यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हाच्या माऱ्यात टिकणारं), 200 मायक्रॉन जाडीचंच घ्या. बांधकामावर झाकतात ते साधं पॉलिथिन एका उन्हाळ्यात कागदासारखं फाटतं. प्लास्टिक जमिनीपर्यंत आणूच नका. खालचे तीन फूट 40 मेशची (इंचाला 40 छिद्रं असलेली) जाळी लावा आणि तिची कड चर खणून मातीत दाबा. प्लास्टिकवरून दर दोन कमानींमध्ये नायलॉनची दोरी ताणून बांधा, नाहीतर ते वाऱ्यानं फडफडत राहतं आणि कमानीवर घासून तिथेच फाटतं. डिसेंबर-जानेवारीत पाला पडायची, म्हणजे थंडीनं दव गोठायची, चिन्हं दिसली तर रात्रीपुरता जाळीवर पडदा सोडा, सकाळी ऊन आलं की गुंडाळा.

होळीनंतर वर 50 टक्के सावली देणारी हिरवी शेडनेट टाका. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास प्लास्टिक उतरवून, घडी घालून सावलीत ठेवा. मग आंधी आली तरी वारा जाळीतून निघून जातो. पाऊस स्थिरावला की पुन्हा चढवा. सासूबाईंना हे सांगा, त्यांची काळजी मिटेल.

पीव्हीसी नको. तो उन्हात ठिसूळ होतो, शिवाय त्याला टेकलेलं प्लास्टिक तिथेच लवकर कुजतं. बजेट फारच ताणलं तर बांबू घ्या, मनात किंतु नको. मातीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावा आणि पेरांवर जुनी ट्यूब गुंडाळा, नाहीतर पेरं प्लास्टिकला टोचतात.

महूची माळीण
सिमरोलकरदादांनी पिकांचं सांगितलं नाही, ते मी सांगते. जाळीमुळे मधमाश्या आत येत नाहीत. काकडीचं बी घेताना ‘परागणाशिवाय फळ धरणारं’ असं स्पष्ट विचारून घ्या. गिलकी (घोसाळी), दुधी, कारली आत लावलीत तर रोज हातानं परागण करावं लागेल, ती बाहेर मांडवावरच बरी. टोमॅटो आपला आपण फळतो, फक्त फुलं आली की रोप वर ज्या सुतळीला बांधलंय ती सकाळी दोन टिचक्या मारून हलवा. पिवळा पराग झडताना दिसतो, बघायला फार छान वाटतं!

आणि कोथिंबीर पावसाळ्यात अवश्य करा. उघड्यावर तेव्हा ती सडते आणि मंडीत भाव चढतात. गादीवाफे वीत-दीड वीत उंच ठेवा, छपराचं पाणी जायला दोन्हीकडे चर काढा.

राऊवाली
दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच जागा मोजायला लावली. खत कोणतं घालू?

सिमरोलकर
कंपोस्ट. छपराखाली पाऊस मुरत नाही, म्हणून रासायनिक खतांचे क्षार मातीतच साचतात. आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरमध्येच कंपोस्टची पद्धत बसवली, जगात ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. पाला-काडीकचरा, शेण आणि थोडी राख-माती, थरावर थर; ओल राखायची आणि अधूनमधून उलथायचं. साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. आत्ता ढीग लावलात तर कमानी उभ्या राहीपर्यंत बरंचसं होऊन जाईल.