डोंगरातल्या तळ्याकाठी रात्रीचा तंबू: ठोकावा की नाही?

रानभूल
उंचावरच्या तळ्यापर्यंत चालत जायचं, रात्र तिथेच तंबूत काढायची आणि सकाळी उतरायचं, असा बेत हल्ली जो तो आखतो. चालायला माझी ना नाही, उघड्यावर झोपायलाही नाही. हरकत आहे ती पाण्याला खेटून झोपायला. तळं बघा, काठावर संध्याकाळ घालवा, पण मुक्कामाला तिथून उठा.

अशी बरीच तळी हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगटात साचलेली असतात. पाण्यात पोषकद्रव्यं जवळपास नसतातच, म्हणून तर तळ इतका स्वच्छ दिसतो. त्यात नायट्रोजन-फॉस्फरसची थोडी भर पडली तरी शेवाळ धरायला लागतं. आपण काय करतो? भांडी तिथेच विसळतो, आणि साबण 'बायोडिग्रेडेबल' आहे म्हणून निर्धास्त असतो. तो साबण कुजतो मातीतल्या जिवाणूंमुळे. थेट पाण्यात ओतला तर तो पाण्यातच राहणार.

काठाच्या गवताचंही तेच. वर्षातले जेमतेम काही आठवडे त्याला वाढायला मिळतात. दोन रात्री एकाच जागी तंबू राहिला की खाली पिवळा चौकोन उमटतो, आणि मागून येणारा 'वा, जागा तयारच आहे' म्हणत बरोबर त्याच्यावरच आपला तंबू लावतो.

आणि हे सगळं सोडा, स्वतःच्या सुखाचा तरी विचार करा. रात्री थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि परातीत पाणी साचावं तशी तळ्याच्या खोलगटात साचते. त्यात पाण्याची वाफ. सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर थेंबांची रांग, कोपर लागलं की सगळे अंगावर, आणि स्लीपिंग बॅगेचा पायाकडचा भाग ओलाकच्च. पंचवीस-तीस मीटर वर एखादा सपाट टप्पा बघून झोपलात तर कोरडे राहाल.

निवांत_चालणारा
असहमत. दिवसभर पाठीवर सॅक वाहायची ती कशासाठी? वारा पडलेला असतो, पाणी हलत नसतं, माणूस नसतो, तो पहाटेचा अर्धा तास हवा म्हणूनच ना?

पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं लांब राहा, हा दंडक जुना आणि पुरेसा आहे. अंधार पडताना तंबू लावणारे, उजाडताच आवरणारे आणि कातळावर किंवा खडीवर झोपणारे दोघं जण तळ्याचं काय बिघडवतात? त्यापेक्षा दुपारी येऊन अंगाला सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरणारा घोळका बघा. काठ तुडवला जातो तो त्यांच्या पायांनी. ते रात्री थांबत नाहीत, म्हणून त्यांना सगळं माफ?

कलम_बहाद्दर
वादात थोडा कायदा घालतो. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू लावायचा हक्क दिला आहे. राहत्या घरापासून १५० मीटर लांब राहायचं, एवढं मुख्य बंधन. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्यात असाच हक्क मान्य केला. पण तिथल्याच लॉक लोमंड या तळ्याच्या परिसरात २०१७ पासून काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. डोंगर चढून जावं लागणाऱ्या तळ्यांसाठी हे बंधन आलेलं नाही. ते आलं ते मुख्यतः जिथे गाडी काठापर्यंत जाते तिथे, कारण शेकोट्या, बाटल्या आणि टाकून दिलेले तंबू तिथे साचले.

इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानात तर हा हक्क आहे की नाही हेच कोर्टाला ठरवावं लागलं. २०२३ च्या जानेवारीत नाही म्हटलं, जुलैत वरच्या कोर्टाने आहे म्हटलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. उलट बाजूला उत्तराखंड: २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्कामच बंद केला.

तेव्हा रानभूल, पाण्यापासूनचं अंतर हा तुमचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. तळ्यापर्यंत पोचायला किती कष्ट पडतात, त्यावर सगळं ठरतं. चार तासांची खडी चढण असली की गर्दी आपोआप गळते.

रानभूल
गळायची. आता फोनमध्ये वाटेची अख्खी रेघ मिळते, त्यामुळे चढण खडी असूनही तंबूंची रांग लागलेली दिसते.

दुपारच्या घोळक्याला मी माफ केलेलं नाही. पण पाण्यावर जनावरं येतात ती बहुधा तिन्हीसांजेला आणि पहाटे. नेमक्या त्याच वेळी तुमचा हेडटॉर्च, तुमची कुजबुज आणि तुमच्या जेवणाचा वास तिथे हजर. दुपारचे लोक निदान तोवर उतरलेले असतात. 'आम्ही दोघंच होतो' हे आपल्या हिशेबाने. त्या वासाला घाबरून मागे फिरणाऱ्या प्राण्याला तुम्ही दोन आहात की वीस, काय फरक पडतो?

आणि सकाळचा विधी. पंधरा-वीस सेंटिमीटरचा खड्डा करा म्हणतात, पण तिथे माती असते कुठे तेवढी? वीतभर खणायच्या आत कातळ लागतो. जी आहे ती इतकी थंड की काही लवकर कुजत नाही. अशा जागी पिशवीत भरून खाली आणणं हाच मार्ग. किती जण आणतात?

हलकी_सॅक
पर्यावरण ठीक आहे, पण रानभूल यांचा 'वर जाऊन झोपा' हा सल्ला नवख्यांना सरसकट देऊ नये. संध्याकाळी थकलेला माणूस वरचा टप्पा शोधत डोंगराच्या धारेवर गेला आणि रात्री वारा सुटला, विजा चमकायला लागल्या, तर काय करायचं? अशा हवेत खोलगटच बरा. गारठा सोसता येतो, धारेवरची वीज नाही.

अर्थात खोलगटातही कुठेही आडवं व्हायचं नसतं. तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी नाही. कड्याखाली दगडांचा पसरट ढीग दिसला तर त्यावरही नाही. धारदार कडांचे, शेवाळ न धरलेले दगड दिसले की ते नुकतेच पडलेत असं समजा. तळं ३००० मीटरच्या वर असेल आणि शरीराला उंचीची सवय नसेल, तर वर नाही, खाली उतरून झोपा. त्या उंचीनंतर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात.

गारठ्याला भिऊन तंबूत स्टोव्ह पेटवणाऱ्यांसाठी: त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्या, २००० मीटरच्या वर चांगली तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्यांना दाद न देणारे जंतूही असतात.

काडेपेटी_नको
सगळे अंतरं मोजताय आणि शेकोटीवर कुणी नीट बोलतच नाही. वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडं वाढतच नाहीत तिथे, सरपण कुठून आणता? ती गुडघाभर झुडपं दशकानुदशकं वाढलेली असतात, ती तोडून. वर दगडांचं काळं कडं आणि त्यात अर्धवट जळालेली फॉइल. माझ्या मते पाण्यापासून दहा मीटरवर बिनशेकोटीचा तंबू परवडला, शंभर मीटरवर शेकोटीवाला नको.

निवांत_चालणारा
शेकोटी नकोच, तिथे वाद नाही. दहा मीटर मात्र मलाही मान्य नाही.

रानभूल, जनावरांचा मुद्दा पटला. ६० मीटरचे शंभर-दीडशे करू. पण तळं दिसणारच नाही अशा जागी झोपा म्हणाल, तर त्यापेक्षा मी घरी झोपेन.

रानभूल
दिसू द्या की! वरच्या टप्प्यावरून उलट अख्खं दिसतं. फक्त पाणी एकदाच भरून न्या, जेवण काठावर नको, आणि अंधार पडल्यावर दिवा लाल उजेडावर ठेवा. हवा बिघडली तर हलकी_सॅक म्हणतात तसं खाली या, तेव्हा मी अडवणार नाही.

कलम_बहाद्दर
आणि दहा-बारा जणांचा गट असेल तर? एवढे तंबू मावतील असा कोरडा टप्पा तळ्याच्या वर सहसा नसतोच.

रानभूल
मग त्या गटाने तळ्यावर मुक्काम करूच नये. खाली राहावं आणि पहाटे हलक्या पाठीने वर यावं.

निवांत_चालणारा
यावर मात्र शंभर टक्के सहमत. आता हे त्या गटाच्या म्होरक्याला सांगणार कोण?