निर्णयांची वही: खात्रीचा आकडा कसा ठरवता?

मंडळी, मदत हवी आहे. वर्षभर प्रत्येक मोठा निर्णय घेताना वहीत लिहितोय: पर्याय कोणते होते, काय निवडलं, का, आणि तेव्हा मन थाऱ्यावर होतं का. निकाल कळला की 'मला वाटलंच होतं' म्हणायची खोड आहे ना, म्हणून! (मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्येच ही खोड प्रयोगांतून दाखवली होती, म्हणजे मी एकटा नाही.)

अडतंय ते खात्रीच्या टक्क्यांशी, म्हणजे निर्णय बरोबर ठरेल असं तेव्हा किती टक्के वाटतंय, ते लिहिताना. दर वेळी हात आपोआप ७० लिहितो. नोकरी बदलली, तर निकाल लागला असं नेमकं कधी धरायचं, तेही कळत नाही. निर्णय चुकला की नुसतं नशीब आडवं आलं, हे तुम्ही कसं ओळखता? जुनी पानं किती दिवसांनी उघडता?