विषप्रयोगामागे सरकार होते, हे कशावरून ठरवायचे?

प्रश्न : राजकीय विरोधकाचा गूढ मृत्यू झाला की विषप्रयोगाची कुजबुज सुरू होते; संशय आणि पुरावा यांतली रेषा कुठे आखावी?

उत्तर १ : विषाच्या दुर्मिळतेवरून. २००६ मध्ये लंडनमध्ये पुतिन यांचे टीकाकार बनलेले माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लित्विनेन्को यांना चहातून दिलेले पोलोनियम-२१० अणुभट्टीशिवाय पुरेसे मिळत नाही, आणि त्याच्या किरणोत्साराचा माग हॉटेलांपासून विमानांपर्यंत लागला. तरीही २०१६ च्या चौकशी अहवालाने पुतिन यांच्या संमतीबाबत ‘बहुधा’ हाच शब्द वापरला.

उत्तर २ : १९७८ मध्ये लंडनमध्येच बल्गेरियातील राजवटीचे विरोधक लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत धातूची सूक्ष्म गोळी सापडली, पण रिसिनचा (एरंडाच्या बियांतील विषाचा) निष्कर्ष मुख्यतः लक्षणांवरून निघाला. ती गोळी छत्रीतून झाडली गेल्याची कथा मात्र अजरामर झाली.

उत्तर ३ : पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांच्या अवशेषांवरून पोलोनियमचा विषप्रयोग झाला होता का, याबाबत तर स्विस आणि फ्रेंच तज्ज्ञांचेच एकमत झाले नाही.