मदत हवी आहे: सेरिथ गोगलगायींची पिल्लं जगवायची कशी?

माझ्या 200 लिटरच्या रीफ टँकमध्ये (कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) सेरिथ जातीच्या छोट्या समुद्री गोगलगायी सतत अंडी घालतायत. काचेवर पांढरी, दोऱ्यासारखी नागमोडी ओळ उमटते. भिंगातून पाहिलं तर आत बारीक ठिपके गरगर फिरताना दिसतात, म्हणजे अंडी फलित आहेत. पण बाहेर पडल्यावर पिल्लं गायब! ती जगावीत असं मनापासून वाटतंय.

सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, विशिष्ट घनतेत) 1.025, तापमान 26 अंश, नायट्रेट 5 च्या आसपास. गोगलगायींना मारक असलेलं तांब्याचं औषध या टाकीत कधीच पडलेलं नाही. मासे म्हणाल तर क्लाउनफिशची एकच जोडी. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून रात्री स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद ठेवून पाहिला, पंपाच्या तोंडाला स्पंज लावला, फरक नाही. सगळे पंप बंद करणं मात्र कोरलमुळे शक्य नाही.

आता अंड्यांची ओळ ब्लेडने अलगद सोडवून वेगळ्या बरणीत, मंद बुडबुड्यांवर ठेवायचा विचार आहे. जिवंत नॅनोक्लोरोप्सिस (सूक्ष्म शैवाल) मी घरीच वाढवतो. अंड्यांतून निघणाऱ्या तरंगत्या अळ्या नुसत्या त्यावर तग धरतील, की आयसोक्रायसिस हे दुसरं सूक्ष्म शैवालही लागेल? आणि पाणी बदलताना त्या वाहून जाऊ नयेत म्हणून किती मायक्रॉनची जाळी वापरता?