मदत हवी आहे: नवीन पीसीवर फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फ्रीज होऊन राहिलं

धंतोली_अल्बम:
नवीन पीसी घेतला, आय-सेव्हन, बाकी पण सगळं टॉपचं, तरी सॉफ्टवेअर मधेच थिजते, स्क्रीन पांढरी होते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. जुन्या पीसीवर हेच काम आरामात होत होतं. अक्षय तृतीयेच्या लग्नांचे अल्बम द्यायचे आहेत, पार्ट्यांचे फोन येऊन राहिले. माहीत असेल तर लवकर सांगा. फॉरमॅट मारा म्हणू नका, तेवढा वेळ नाही.

संत्रानगरी_पीसी:
सॉफ्टवेअर कोणतं, व्हर्जन कोणतं? रॅम किती, ग्राफिक कार्ड वेगळं आहे का? 'सगळं टॉपचं' यावरून काय सांगणार भाऊ.

रॅम_वाढवा:
रॅमच कमी पडत असणार. १२ बाय ३६ इंचाची शीट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल, ८ बिटमध्ये एक भरलेला लेयर (चित्राचा एक थर) ११७ एमबीच्या आसपास जातो. असे वीस-पंचवीस लेयर, वरून हिस्ट्री, म्हणजे अनडूसाठी साठवलेली मागची पावलं. १६ मध्ये नाही भागत, सरळ ६४ जीबी टाका. मी टाकली तेव्हापासून त्रासच नाही.

धंतोली_अल्बम:
३२ जीबी आहे. कार्ड ८ जीबीचं. सॉफ्टवेअर फोटोशॉपच, जे सगळे अल्बमवाले वापरतात, दर महिन्याला पैसे भरून, क्रॅक नाही, अपडेटेड आहे.

सावनेर_स्टुडिओ:
मग ड्रायव्हर. परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढा आणि चालवून पहा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यांच्या साइटवरून स्टुडिओ ड्रायव्हर घ्या, गेमवाला नको. स्क्रॅच डिस्क (सॉफ्टवेअर तात्पुरता डेटा ठेवते ती जागा) सी ड्राइव्हवर आहे का तेही पहा, सी भरला की असंच होते.

मुक्तस्रोत:
महिन्याला पैसे भरायचे कशाला? गिंप घ्या, फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर. २०२५ मध्ये ३.० आलं, त्यात इफेक्ट लावल्यावर पण नंतर बदलता येतात, आधी ते नव्हतं. मी सगळं त्यातच करतो.

सावनेर_स्टुडिओ:
तुम्ही लग्नाचे अल्बम करता का? वर्षानुवर्षं जमवलेल्या रेडी पीएसडी (फोटोशॉपच्या फाइल) शीट गिंपमध्ये नीट उघडत नाहीत, लेयर स्टाइल (सावली, चमक असे इफेक्ट) हलतात. ऐन सीझनमध्ये माणसाला नवीन सॉफ्टवेअर शिकायला लावता काय?

मुक्तस्रोत:
शिकायला कधीतरी सुरुवात करावीच लागते ना. आणि ते फ्रीज तरी होत नाही.

कुलर_मेकॅनिक:
पीसी कुलरसमोर ठेवला आहे का? इकडे तापमान ४५ च्या वर जाते म्हणून लोक कॅबिनेट कुलरच्या हवेत ठेवतात, ती ओली हवा असते, बोर्ड खराब होते. लाइन जाऊन येऊन राहिली असेल तर यूपीएस पण पाहून घ्या.

धंतोली_अल्बम:
कुलर दुसऱ्या खोलीत आहे. टिक काढली, काहीच फरक नाही. सी मध्ये भरपूर जागा आहे. अजून कोणी?

संत्रानगरी_पीसी:
थिजते नेमकं कधी? सेव्ह करताना, ब्रश मारताना, का फाइल उघडताना? टास्क मॅनेजर बाजूला उघडा ठेवा आणि त्या वेळी मेमरी, डिस्क किती दाखवते ते सांगा.

धंतोली_अल्बम:
मेमरी निम्मी पण भरत नाही, डिस्क शांत. फोटो कितीही फिरवा, कट करा, काही होत नाही. टेक्स्ट टूल घेऊन नवरा-नवरीचं नाव टाकायला गेलो की गेलं.

संत्रानगरी_पीसी:
ही खरी माहिती! मग रॅम नाही, कार्ड नाही. फॉन्ट किती टाकले?

धंतोली_अल्बम:
जुन्या पीसीतले सगळे पेनड्राइव्हवरून आणले. चार हजारांच्या वर असतील. अल्बमवाल्यांकडे एवढे असतातच.

रॅम_वाढवा:
जुन्यावर चालत होते ना तेच फॉन्ट? मग त्यांचा काय संबंध? रॅम एका स्लॉटमध्ये आहे का दोन?

संत्रानगरी_पीसी:
संबंध आहे. टेक्स्ट टूल घेतलं की सॉफ्टवेअर फॉन्टची यादी वाचते, प्रत्येकाचा नमुना दाखवायला जाते. नवीन पीसीवर ती यादी पहिल्यापासून बनते आणि कॉपीत एखादी फाइल तुटली असेल तर तिथेच अडकते. मेमरी रिकामी असताना थिजते ते यामुळेच. आधी टाइप मेनूत फॉन्ट प्रिव्ह्यू साइज 'नन' करा. मग तुम्ही टाकलेले फॉन्ट बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवा, विंडोजचे स्वतःचे राहू द्या. चाललं तर अर्धे परत टाका, अडकलं तर त्याच अर्ध्यात खराबी, त्याचे पुन्हा अर्धे करा. काही फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये नसतात, युजरच्या अॅपडेटात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इथे बसतात, तिकडे पण पाहा.

धंतोली_अल्बम:
फॉन्ट काढल्याबरोबर चालू झालं!! नाव लगेच पडते. खूप आभार जी. अर्धे-अर्धे करणं रात्री करतो, पण आत्ता शीटवर नावं टाकायला मराठीत काय वापरू?

मुक्तस्रोत:
गूगल फॉन्ट्सवर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बलू आहेत, फुकट, युनिकोड (कुठल्याही पीसीवर अक्षरं तीच राहतात). इन्स्क्रिप्टने (विंडोजमधला मराठी कीबोर्ड) टाइप करा, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टचा कीबोर्ड लागत नाही.

सावनेर_स्टुडिओ:
मुक्ता पत्रिकेच्या मजकुराला ठीक आहे, नावाला कॅलिग्राफीच लागते, पार्टी मागते. आणि जुनी शीट उघडली की 'फॉन्ट मिसिंग' येईल, तिथे रिप्लेस करू नका, नाहीतर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं वाचता येणार नाहीत. त्या शीटला लागतो तेवढाच फॉन्ट परत टाका.